इंग्रजी मसुद्यातील कायद्याची क्रियापदे आणि त्यांची प्रिपोझिशने

खानापूर तालुक्यात मराठी माध्यमातून शिकून, बेळगावात कायद्याची पदवी घेऊन आता वकिली करणाऱ्या एका तरुण वकिलांनी प्रश्न विचारला आहे. दावा, कैफियत किंवा अर्ज इंग्रजीत लिहिताना क्रियापद सुचते, पण त्याच्यापुढे 'ऑफ', 'विथ', 'फॉर', 'फ्रॉम' यांपैकी काय घालावे हे ठरत नाही. सीनिअर वकील मसुद्यातले नेमके तेवढेच शब्द खोडून दुरुस्त करतात, पण कारण सांगण्याइतका वेळ त्यांना नसतो. अशा क्रियापदांची पाठ करण्याजोगी यादी आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

यादी करता येईल, परंतु ती पाठ करून हा प्रश्न सुटणार नाही, असे माझे मत आहे. चूक होते ती मराठीत जुळवलेले वाक्य इंग्रजीत उतरवताना. मराठीत शब्दांमधले नाते विभक्तीचा प्रत्यय सांगतो आणि एकच प्रत्यय अनेक नाती निभावून नेतो. 'खुनाचा आरोप', 'खुनाचा खटला', 'खुनाची शिक्षा' या सगळ्या ठिकाणी आपले काम 'चा-ची'वर भागते. इंग्रजीत मात्र तोच माणूस 'ॲक्यूज्ड' असेल तर 'ऑफ मर्डर', 'चार्ज्ड' असेल तर 'विथ मर्डर', 'ट्राइड' असेल तर 'फॉर मर्डर' आणि 'कन्व्हिक्टेड' असेल तर पुन्हा 'ऑफ मर्डर' असे लिहावे लागते. प्रिपोझिशन कोणते लागेल हे पुढचे नाम ठरवीत नाही, मागचे क्रियापद ठरवते. म्हणून कायद्याचे क्रियापद सुटे शिकू नये. त्याचा कर्ता कोण असू शकतो, त्याला कर्म कोणते चालते आणि त्याच्यापुढे कोणते प्रिपोझिशन येते, हे तिन्ही एकत्र धरून ते अधिनियमाच्या मूळ वाक्यातून उचलावे.

फौजदारी बाजूचे उत्तम उदाहरण आपल्या राज्यघटनेतच आहे. विसाव्या अनुच्छेदाचे पहिले खंड असे सुरू होते: 'नो पर्सन शॅल बी कन्व्हिक्टेड ऑफ एनी ऑफेन्स एक्सेप्ट फॉर व्हायोलेशन ऑफ अ लॉ इन फोर्स'. येथे एकाच क्रियापदाला 'ऑफ' आणि 'फॉर' अशी दोन प्रिपोझिशने लागली आहेत, पण त्यांची कामे वेगळी आहेत. ज्या अपराधाबद्दल दोष सिद्ध झाला त्याच्यापूर्वी 'ऑफ' आहे, आणि ज्या कृतीमुळे तो सिद्ध झाला तिच्यापूर्वी 'फॉर' आहे. लगेच पुढच्या खंडात 'प्रॉसिक्यूटेड अँड पनिश्ड फॉर द सेम ऑफेन्स' असे येते. म्हणजे 'पनिश' या क्रियापदाला अपराधापूर्वी 'फॉर' हवे. परंतु शिक्षा कोणती, हे सांगायचे असेल तर त्याच क्रियापदाला 'विथ' लागते. दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये चोरीची शिक्षा सांगताना 'पनिश्ड विथ इम्प्रिझनमेंट ऑफ आयदर डिस्क्रिप्शन फॉर अ टर्म विच मे एक्स्टेंड टु थ्री इयर्स' अशी रचना आहे. कारावासापूर्वी 'विथ', मुदतीपूर्वी 'फॉर' आणि कमाल मर्यादेपूर्वी 'टु' हा क्रम संहितेच्या बहुतेक शिक्षाकलमांत तसाच येतो. हे एक वाक्य हाताने उतरवून काढले, तर आरोपीच्या शिक्षेविषयी कोणतेही वाक्य लिहिताना अडचण राहत नाही. दंडाच्या बाबतीत संहिता 'लाएबल टु फाइन' म्हणते. कर्जाची जबाबदारी सांगताना मात्र 'लाएबल फॉर द डेट' आणि रक्कम देण्याचे बंधन सांगताना 'लाएबल टु पे' लिहावे.

फौजदारी क्रियापदांत प्रिपोझिशनपेक्षाही कर्त्याची गल्लत अधिक नुकसान करते. फिर्यादी पोलिसांकडे माहिती 'लॉज' करतो, तर पोलीस एफआयआर 'रजिस्टर' करतात. तपास अधिकारी चार्जशीट 'फाइल' करतो, पण चार्ज 'फ्रेम' करणे, म्हणजे आरोप निश्चित करणे, हे फक्त न्यायालयाचे काम आहे. मॅजिस्ट्रेट अपराधाचे 'कॉग्निझन्स', म्हणजे दखल, घेतात, आणि तेथे 'टेक कॉग्निझन्स ऑफ' मधले 'ऑफ' गाळून चालत नाही. आरोप निश्चित होण्याआधी आरोपी सुटला तर तो 'डिस्चार्ज्ड' आणि खटला चालून निर्दोष ठरला तर 'ॲक्विटेड'. मराठीत दोघांनाही आपण 'सुटला' म्हणतो. परंतु 'ॲक्विटेड ऑफ' असलेल्या माणसाला त्याच अपराधासाठी पुन्हा खटल्याला सामोरे न जाण्याचे जे संरक्षण मिळते, ते केवळ 'डिस्चार्ज्ड' असलेल्याला मिळत नाही. जामीन अर्जात हा एक शब्द चुकला, तर अशिलाची मागील प्रकरणातली स्थितीच न्यायालयापुढे चुकीची मांडली जाते. जामिनावर सुटण्यासाठी 'रिलीज्ड ऑन बेल', कोठडीत पाठवण्यासाठी 'रिमांडेड टु कस्टडी' आणि गुन्हा कबूल करण्यासाठी 'प्लीड गिल्टी टु द चार्ज' एवढे लक्षात ठेवले की या भागात फारसे काही उरत नाही.

दिवाणी कामात मात्र अधिक वेळ थांबावे लागते, कारण येथे प्रत्येक कागदाला स्वतःचे क्रियापद आहे. मराठीत 'दावा फेटाळला' एवढ्यावर काम होते. दिवाणी प्रक्रिया संहितेत मात्र 'प्लेंट' आणि 'सूट' या निराळ्या गोष्टी आहेत. प्लेंट म्हणजे दाव्याचा अर्ज, सूट म्हणजे दावा. ऑर्डर 7 रूल 10 खाली प्लेंट 'रिटर्न' होते, म्हणजे योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी परत मिळते. रूल 11 खाली ते 'रिजेक्ट' होते. आणि दावा चालून वादी हरला तर सूट 'डिसमिस' होते. 'द प्लेंट वॉज डिसमिस्ड' असे वाक्य लिहिणाऱ्याने नेमके काय घडले हे वाचणाऱ्याला कळू दिलेले नाही, आणि फरक तर मोठा आहे. रूल 11 खाली प्लेंट रिजेक्ट झाले तरी रूल 13 प्रमाणे त्याच कारणावर नवे प्लेंट दाखल करण्याला केवळ त्या नामंजुरीमुळे प्रतिबंध होत नाही. सूट गुणदोषांवर डिसमिस झाले, तर कलम 11 चे रेस ज्युडिकाटा, म्हणजे निकाल लागलेला वाद पुन्हा आणता येत नाही हे तत्त्व, आड येते. शिवाय प्लेंट रिजेक्ट करणारा हुकूम कलम 2 मधील व्याख्येनुसार डिक्री, म्हणजे हुकूमनामा, मानला जात असल्याने त्यावर अपील होते. ज्युनिअर वकिलाने मागच्या दाव्याचा इतिहास लिहिताना हे क्रियापद आठवणीवर विसंबून कधीही लिहू नये; निकालाची प्रत समोर ठेवून तिच्यातला शब्द जसाच्या तसा घ्यावा.

याच ओघात आणखी काही जोड्या सांगतो. जजमेंट 'प्रोनाउन्स' होते, डिक्री 'पास' होते आणि कार्यालयात 'ड्रॉन अप' होते. एकतर्फी डिक्री 'सेट असाइड' करून मागतात. वरचे न्यायालय डिक्री 'रिव्हर्स' किंवा 'व्हेरी' करते, तिची अंमलबजावणी 'स्टे' करते, आणि रिट अधिकारात शासकीय हुकूम 'क्वॅश' करते. अर्ज किंवा अपील 'अलाउ' होते, दावा मात्र 'डिक्री' होतो. प्रकरण निकाली निघाले हे सांगणारा शब्दप्रयोग 'डिस्पोज्ड ऑफ' असा आहे. त्यातला शेवटचा शब्द एका 'एफ'चा आहे. दोन 'एफ' घालून लिहिलेले हे रूप आपल्याकडच्या असंख्य कागदांत दिसते, पण ते चुकीचेच आहे.

अपिलाविषयी स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे. आपण 'निकालावर अपील केले' म्हणतो आणि त्या 'वर'च्या ओढीने हात 'अपील ऑन द डिक्री' लिहून जातो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 96 मध्ये 'ॲन अपील शॅल लाय फ्रॉम एव्हरी डिक्री' असे शब्द आहेत, आणि कलम 100 मध्ये 'टु द हाय कोर्ट फ्रॉम एव्हरी डिक्री' अशी रचना आहे. म्हणजे अपील डिक्री'पासून' निघते आणि वरच्या न्यायालया'कडे' जाते. हा 'फ्रॉम' आणि 'टु'चा प्रवास डोळ्यांसमोर ठेवला की दोन्ही प्रिपोझिशने आपोआप येतात. 'अपील अगेन्स्ट' हेही शुद्ध आहे आणि वापरातही आहे. क्रियापद म्हणून पक्षकार अपील 'प्रिफर' करतो किंवा 'फाइल' करतो. 'अपील्ड द जजमेंट' अशी बिनप्रिपोझिशनची अमेरिकी रचना आपल्या न्यायालयांत चालवू नये. बेळगाव जिल्ह्याची प्रकरणे 2008 पासून कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाडच्या पीठाकडे जातात, 2013 पासून ते कायमस्वरूपी खंडपीठ आहे, आणि घटनेच्या अनुच्छेद 348 नुसार उच्च न्यायालयातले कामकाज इंग्रजीत चालते. तालुक्याच्या न्यायालयात साक्षीपुरावा बहुधा कन्नडमध्ये नोंदवला जातो, अशिलाच्या घरातली जुनी कागदपत्रे मराठीत असतात आणि अपिलाचा मेमो इंग्रजीत लिहावा लागतो. तीन भाषांतून येणारा मजकूर शेवटी ज्या वाक्यात एकत्र येतो, त्या वाक्याची प्रिपोझिशने घट्ट बसलेली असणे म्हणूनच आपल्या भागातल्या वकिलाला इतरांहून अधिक गरजेचे आहे.

आता मिळकतीच्या दस्तांकडे येतो. खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत राज्यपुनर्रचनेच्या, म्हणजे 1956 च्या, आधीचे खरेदीपत्र किंवा वाटणीपत्र आजही दाव्यात दाखल होते आणि ते मुंबई राज्याच्या काळातल्या मराठीत असते. त्यात 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' असे दोन पक्ष असतात. क्रियापद दोघांचेही 'लिहिणे' हेच, पण 'देणार' आणि 'घेणार' यांवरून मालकी कोणाकडून कोणाकडे गेली हे स्पष्ट होते. इंग्रजीत ही दिशा दाखवण्याचे काम 'बाय' आणि 'इन फेवर ऑफ' करतात: 'एक्झिक्यूटेड बाय' लिहून देणाऱ्यासाठी, 'इन फेवर ऑफ' लिहून घेणाऱ्यासाठी. एका मसुद्यात मी 'एक्झिक्यूटेड विथ द डिफेंडंट' असे वाचले आहे. त्यावरून विकणारा कोण आणि घेणारा कोण हे ठरवणे अशक्य होते. 'सेल टु', 'पर्चेस फ्रॉम', 'लीज टु' हे सोपे आहे. हक्कसोडपत्रात बहीण आपला हिस्सा 'रिलिंक्विश' करते. त्या क्रियापदाला कर्मापूर्वी काही लागत नाही, मिळकतीपूर्वी मात्र 'इन' आणि भावापूर्वी 'इन फेवर ऑफ' येते. वारसाहक्काने मिळकत येण्यासाठी हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 चे कलम 8 'डिव्हॉल्व्ह अपॉन द एअर्स' अशी रचना देते, तर मालकी निहित होण्यासाठी 'व्हेस्ट इन' लिहितात. या दोन्ही क्रियापदांचा कर्ता मिळकत असते, वारस नसतो. 'द सन डिव्हॉल्व्ड द प्रॉपर्टी' हे वाक्य त्यामुळे मुळातच उभे राहत नाही.

मिळकत हस्तांतरण अधिनियम 1882 चे कलम 54 प्रत्येक ज्युनिअर वकिलाने स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवावे असे आहे. विक्रीचा करार, म्हणजे आपल्या बोलण्यातले साठेखत, स्वतः होऊन मिळकतीत कोणताही 'इंटरेस्ट इन' किंवा मिळकतीवर कोणताही 'चार्ज ऑन' निर्माण करीत नाही, असे ते सांगते. हितसंबंध मिळकती'त' असतो म्हणून 'इन', बोजा मिळकती'वर' असतो म्हणून 'ऑन'. येथे मराठी प्रत्यय आणि इंग्रजी प्रिपोझिशन नेमके जुळतात, त्यामुळे ही जोडी विसरण्याचे काही कारण नाही. परंतु 'चार्ज' हाच शब्द फौजदारीत 'अगेन्स्ट द अक्यूज्ड' असा येतो, हेही त्याच पानावर लिहून ठेवावे.

कब्जाविषयीचे वाक्य तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण मनाई हुकमाच्या दाव्याचा सारा डोलारा त्यावर असतो. 'द प्लेंटिफ इज इन पझेशन ऑफ द लँड' आणि 'द लँड इज इन द पझेशन ऑफ द प्लेंटिफ' ही दोन्ही वाक्ये एकच वस्तुस्थिती सांगतात. पहिल्यात कब्जेदार कर्ता आहे आणि 'पझेशन'पूर्वी 'द' नाही. दुसऱ्यात जमीन कर्ता आहे आणि 'द' आहे. या लहानशा 'द'ची जागा बदलली की जमीनच वादीचा कब्जा धरून बसली आहे, असा विपरीत अर्थ होतो. फौजदारी अतिक्रमणाची व्याख्या पाहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 मध्ये 'एन्टर्स इंटू ऑर अपॉन प्रॉपर्टी इन द पझेशन ऑफ अनदर' असे शब्द आहेत. मिळकत दुसऱ्याच्या कब्जात आहे, म्हणून 'द' आले. याच व्याख्येतून 'एन्टर' या क्रियापदाचाही धडा मिळतो. जमिनीवर शिरण्यासाठी कायदा 'इंटू' किंवा 'अपॉन' वापरतो. करार करण्यासाठी फक्त 'एन्टर इंटू ॲन ॲग्रीमेंट' चालते. आणि साध्या गद्यात घरात शिरण्यासाठी 'एन्टर'नंतर काहीच लागत नाही.

चतुःसीमा लिहिताना 'बाउंडेड ऑन द ईस्ट बाय' ही एकच रचना चारही दिशांना वापरावी. आरटीसी उताऱ्यावरचा, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्यावरचा, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि एकर-गुंठ्यांतील क्षेत्र जसेच्या तसे घ्यावे, त्यात भाषेची दुरुस्ती करू नये.

काही क्रियापदांना प्रिपोझिशन लागतच नाही, आणि तेथे आपण हमखास घालतो. 'रकमेची मागणी केली' या वाक्यातला 'ची' मनात असल्यामुळे 'डिमांडेड फॉर द अमाउंट' लिहिले जाते; योग्य रूप 'डिमांडेड द अमाउंट'. नाम म्हणून 'अ डिमांड फॉर द अमाउंट' शुद्ध आहे, आणि घोटाळा नेमका या नाम-क्रियापदाच्या अदलाबदलीतून होतो. 'रिक्वेस्ट', 'ऑर्डर', 'सीक' आणि 'कॉन्टेस्ट' यांचेही तसेच आहे. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नको, 'कम्प्राइज'नंतर 'ऑफ' नको, 'व्हायोलेट' आणि 'कॉन्ट्राव्हीन' यांना थेट कर्म हवे. उलट 'कम्प्लाय'ला 'विथ' हवेच. 'कम्प्लाइड द ऑर्डर' हे वाक्य अपुरे आहे.

शेवटचा आणि सर्वांत काळजीचा भाग मुदतीचा. मराठीतले 'पर्यंत' दोन अगदी वेगळ्या गोष्टी सांगते. 'प्रतिवादीने 15 तारखेपर्यंत रक्कम भरावी' यात कृती एकदाच व्हायची आहे, म्हणून 'बाय' किंवा त्याहून निःसंदिग्ध 'ऑन ऑर बिफोर' लिहावे. 'मनाई हुकूम 15 तारखेपर्यंत कायम राहील' यात स्थिती चालू राहायची आहे, म्हणून 'टिल' किंवा 'अन्टिल' लिहावे. तडजोडपत्रात या दोहोंची अदलाबदल झाली, तर पुढे अंमलबजावणीच्या दरखास्तीत त्यावरूनच वाद उभा राहतो. नुसते 'बिफोर' लिहिले, तर ती तारीख मुदतीत धरली जात नाही, हेही लक्षात असावे.

दिवस मोजण्यासाठी जनरल क्लॉजेस ॲक्ट 1897 चे कलम 9 आहे: केंद्रीय अधिनियमात 'फ्रॉम' वापरले की पहिला दिवस वगळायचा आणि 'टु' वापरले की शेवटचा दिवस धरायचा. मग न वटलेल्या चेकच्या प्रकरणांत काय करायचे? निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 मध्ये बँकेकडून कळल्यावर नोटीस देण्यासाठी 'विदिन थर्टी डेज ऑफ' आणि नोटीस मिळाल्यावर रक्कम देण्यासाठी 'विदिन फिफ्टीन डेज ऑफ' असे शब्द आहेत. कलम 142 मध्ये फिर्यादीसाठी 'विदिन वन मन्थ ऑफ द डेट' असे आहे. या ठिकाणी 'फ्रॉम' नाही, 'ऑफ' आहे, म्हणून वादकारण, म्हणजे फिर्यादीचा हक्क देणारी घटना, घडले तो दिवसही मोजावा, असा युक्तिवाद केला जात असे. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 2013 मध्ये हा प्रश्न निकाली काढला आणि कलम 142 ची मुदत मोजताना वादकारणाचा दिवस वगळायचा, असे ठरवले. एका प्रिपोझिशनवरून फिर्याद मुदतीत की मुदतीबाहेर हे ठरण्याची वेळ आली होती. तेव्हा चेकची नोटीस लिहिताना कलमातलेच शब्द वापरावेत आणि तारीख मोजताना शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.

अभ्यास कसा करावा, हेही विचारले आहे. एक जाड वही घ्यावी आणि तिच्यात क्रियापदांची मथळ्यासारखी नोंद करून प्रत्येकाखाली अधिनियमातले एक संपूर्ण वाक्य कलमाच्या आकड्यासह उतरवावे. दिवाणी प्रक्रिया संहिता, मिळकत हस्तांतरण अधिनियम, स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट 1963 आणि न्याय संहिता एवढ्या चार पुस्तकांतून जवळपास सर्व गरज भागते. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 34 मध्ये 'एन्टायटल्ड टु' आणि 'इन्स्टिट्यूट अ सूट अगेन्स्ट' ही दोन्ही रूपे एकाच वाक्यात मिळतात. आरंभ तेथून करावा. त्यानंतर घरातले किंवा ओळखीतले जुने मराठी खरेदीपत्र घेऊन त्याचे इंग्रजी करावे आणि प्रत्येक प्रिपोझिशनसाठी वहीतले वाक्य दाखवता येते का ते पाहावे. ज्याला आधार सापडत नाही, ते वाक्य मोडून लहान करावे. वर्तमानपत्रांतली इंग्रजी या कामी आधार म्हणून धरू नये. 'बुक्ड अंडर' सारखे शब्द बातमीत चालतात, अर्जात चालत नाहीत.

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता यांच्या जागी नव्या संहिता आल्यामुळे जुने निकाल वाचताना कलमांचे आकडे जुळणार नाहीत. क्रियापदांच्या रचना मात्र बहुतांशी त्याच ठेवलेल्या आहेत, त्यामुळे सीनिअरांच्या जुन्या मसुद्यांतून वाक्य उचलायला हरकत नाही. आकडा तेवढा नव्या संहितेतून तपासून घालावा, आणि त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याच्या प्रकरणात दंड संहितेचा जुनाच आकडा ठेवावा.